खाणीचं दुसरं तोंड

इस्माईलभाई, वाईट बातमी आधी सांगतो. तुला देव केलंय.

हसू नको. म्हंजे हस, पण हळू हस, कबरस्तानात आजूबाजूला शरीफ माणसं झोपलीत. तू जिथं गेला तिथं, त्या बोरीच्या झाडाखाली, लोकायनं एक दगड उभा केला, त्याला शेंदूर फासला, वर नारळ फोडला. तू उभ्या जन्मात एका अल्लाशिवाय कोणापुढं मान वाकवली न्हाई, आन् आता लेकरू लवकर चालायला लागावं म्हून बाया तुह्यापुढं उदबत्ती लावून राहिल्या. मी थांबवाया गेलो तर मलाच म्हणल्या, "तू काहून आडवा येतो रे दगडू? तुह्याच तर अंगात येतो ना?"

मला अक्षर येत न्हाई हे तुला ठाव हाये. मी बोलून राहिलो आन् मास्तर लिहून राहिले. मधीच ते थांबतात, टाक झटकतात, म्हंतात, हे बी लिहू का? मी म्हंतो लिहा, इस्माईलभाईनं माह्या तोंडून याच्यापेक्षा वंगाळ ऐकलंय.

आपल्या डोंगरातली गेरूची खाण आपल्या बापायनं बी चालू पाहिली न्हवती. आज्याच्या काळात कवातरी बंद पडली, तोंडात काटे भरले, लेकरायला भेव दाखवायपुरती राहिली. मंग तिकडं लढाई पेटली, इकडं रंगाला भाव आला, आन् हिंगोलीचा ठेकेदार परवाना घेऊन बैलगाडीतून उतरला. गावाला बरं वाटलं. सुगी सरली की अर्धं गाव पोटासाठी भाईर जातं. डोंगरातच काम मिळालं तर कोण जाईल? त्यानं तुला बोलावलं, कारण इहीर बांधणारा मिस्त्री म्हून तुहं नाव दूरवर व्हतं. मला बोलावलं कारण माह्याकडं गाढवं हायेत. म्हंजे आमी एकमेकायकडं हाओत. मालक कोण, ते चढावर कळतं.

पैल्या दिवशी तू आत गेलाच न्हाई. तोंडातले काटे काढले, समदे कंदील घेऊन तयार, आन् तू आपला भाईर धोंड्यावर बसून बिडी ओढून राहिला. ठेकेदार म्हणला, "मिस्त्री, आत कवा जायचं?" तू म्हणला, "जाना तो कोई बी जाता साहेब. पहले निकलने का देखते."

मंग तू मला ओला पाला पेटवायला लावला, बराबर तोंडापाशी. धूर भाईर यायचा तर तो आत जाऊन राहिला. तू खूश झाला. आत ओढून राहिली म्हंजे वर कुठंतरी दुसरं तोंड हाये, म्हणला, बुजलेलं असंल पण हाये. समद्यायला डोंगरावर धूर शोधायला धाडलं. मला त्यातलं काय कळलं न्हाई, माह्या पोटात कळ आलती. मी टमरेल घेऊन गुपचूप वर गेलो, एक बोरीचं झुडूप पाहिलं, आडोसा चांगला व्हता, बसलो. आन् इस्माईलभाई, माह्या बुडाखालून धूर निघाला.

मला वाटलं मीच पेटलो. एका हातात धोतर, एका हातात टमरेल, वरडत खाली आलो ते थेट पाटलाच्या अंगावर. समदं गाव वर धावलं. तू आधी त्या भोकाकडं पाहिलं, मंग माह्याकडं, आन् म्हणला, "दगडू, तेरे बाप ने नाम बराबर रखा. दगड बी इतक्या बराबर जाग्यावर बसत न्हाई." अजून बी गावात कोणी नवा पाव्हणा आला की त्याला सांगतात, खाणीचं दुसरं तोंड दगडूच्या बुडानं शोधलं. मास्तर, लिहा.

तिथून तुहं एकच पालुपद सुरू झालं. एका तोंडाची खाण म्हंजे कबर. हवा आत गेली की तिथंच मरती, आन् पुढं माती बसली तर माणूस बी. आधी बोरीखालचं तोंड मोकळं करायचं, वारा आरपार जाऊ द्यायचा, मंग टिकाव. ठेकेदार म्हणायचा, एका तोंडातून काढायला सुरू करू, दुसरं होत राहील. पाटील बी म्हणायचा, व्हय, होत राहील. तू मान हलवायचा ती आडवीच.

मला आत घेऊन गेला तो दिवस आठवतो? खाण कशी असती ते मला तवा कळलं. वर काळा पत्थर, खाली काळा पत्थर, आन् मधी लाल माती, पोळीत पुरण भरावं तशी. जुन्या लोकायनं पुरण काढून खाल्लं, पण मधी मधी खांब सोडले, त्याच लाल मातीचे. त्या खांबायच्या डोक्यावर वरचा समदा डोंगर बसलाय, तू म्हणला. मी तवापासून मान खाली घालूनच चाललो. जसा काय मी वाकलो म्हून डोंगराला हलकं वाटणार व्हतं. तू कंदील वर करून एकेका खांबाला हात लावून राहिला, बाजारात बैल पाहतात तसा, आन् पुटपुटत राहिला. मी इचारलं काय म्हणून राहिला, तर म्हणला, "सलाम करता हूँ. इनकी वजह से खडे हैं अपुन."

पण त्या खांबायतच गेरू चांगला व्हता. कोरडा, जाड, हात लावला की निघणारा. तोंडाजवळचा ढिगारा काढायला माणसं लावलती, त्यायला गेरूच्या टोपलीमागं मजुरी. ढिगाऱ्यात निम्मे गोटे, खांबात निव्वळ गेरू. तू खांबायवर चुन्याची फुली मारली, समद्यायला उभं करून सांगितलं, फुलीला हात लावायचा न्हाई. समदे व्हय म्हणले. दुसऱ्या दिवशी फुली खरडलेली आन् दोन खांबायच्या कमरा बारीक. पुन्हा सांगितलं, पुन्हा व्हय म्हणले. पुन्हा एक कमर बारीक.

त्या दिवशी तू जेवला न्हाई. भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली आन् मला म्हणला, "दगडू, शेंदूर ला."

"कशाला?"

"खांबायला. तुमच्या लोकायचं मला ठाव हाये. चुना पुसतात, शेंदूर न्हाई पुसत."

आन् इथं, इस्माईलभाई, आपलं भांडण झालं. मी गावातला सगळ्यात खोटारडा माणूस. माही बायको म्हंती, तुमी 'भूक लागली' म्हणलं तरी मी पोट चापसून पाहते. त्या माणसानं जन्मात एकदा म्हणलं, असं नको करू, सरळ सांगू, खांब पाडला तर डोंगर बसंल, कळंल त्यायला. आन् तू, पाच येळचा नमाजी, मला खोटं बोलायला लावून राहिला! तू म्हणला, सरळ दोनदा सांगितलं. मी म्हणलो, तिसऱ्यांदा सांग. तू म्हणला, तिसऱ्यांदा सांगायला कोणी जित्तं राहिलं तर.

जवळा बाजार गावातून शेंदूर मीच आणला, तेलात मीच कालवला. आन् समदं गाव जमलं तवा खाणीच्या तोंडापाशी मीच घुमलो. काय घुमलो म्हून सांगू. डोळे फिरवले तर मलाच चक्कर आली, पडलो तो काट्यात, आन् 'आई गं' म्हणलो. लोक म्हणले, देवी हाये, देवी हाये. मी म्हणलो, न्हाई, देव हाये. मंग काय बोलायचं तेच इसरलो. तू मागून खाकरला तवा आठवलं. या या खांबात मी हाये, हात लावंल त्याचा हात झडंल. त्यात मोजायला चुकलो, तू सांगितलं त्याच्यापेक्षा एक खांब जास्त म्हणलो, म्हून एका बेकार धोंड्याला बी शेंदूर लावावा लागला. तो कशालाच धरून न्हाई, पण जास्त नारळ त्याच्यापुढंच फुटून राहिले. तू तिकडं तोंड करून रुमाल तोंडात कोंबला व्हता, खांदे गदगदा हलून राहिलते. गावची म्हातारी गंगूआजी म्हणली, पाहा गं, मिस्त्रीच्या बी अंगात आलं.

खांब वाचले. तुहं खरं ठरलं. एका बी माणसानं पुन्हा टिकाव लावला न्हाई.

घरी जाताना मी पुन्हा तेच काढलं. म्हणलो, हे बरं न्हाई, आज वाचलं, पण उद्या या लोकायला काय सांगशीन? तू म्हणला, "दूसरा मुँह खुलने दे. फिर मैं खुद सबकू बोलतूँ. देव न्हाई, पत्थर है, पत्थर कू समजो." त्याच्यावर मी काहीतरी चांगलं बोलणार व्हतो. जन्मात एखाद्या येळेस सुचतं तसं. तेवढ्यात माहं एक गाढव हरभऱ्यात घुसलं, मी धावलो, आन् ते बोलणं राहिलं ते राहिलंच. काय बोलणार व्हतो ते आता आठवत बी न्हाई. त्या गाढवाकडं पाहतो तर ते बी सांगत न्हाई.

तू गेला तो दिवस सांगू नको म्हंतात मास्तर. थोडं सांगतो.

बोरीखालचं भोक वरून मोठं करायचं काम चाललं व्हतं. जुन्या लोकायनं त्यात मोठाले धोंडे लोटून दिलते, एकात एक अडकलेले. तू वरून पाहिलं, आडवा पडून पाहिलं, कान लावून पाहिलं. मंग म्हणला, खालून पाहतो, कोणता धोंडा बाकीच्यायला धरून हाये ते खालून दिसंल. मी म्हणलो, काय घाई हाये? तू म्हणला, गाढवं दूर ने. मी नेली, तू खालच्या तोंडानं आत शिरला. आवाज लई मोठा न्हवता. पोतं टाकावं तेवढाच. मंग बोरीचं झाड थोडं खाली गेलं, माणूस खाली बसतो तसं, आन् थांबलं.

समद्या गावानं माती काढली. ठेकेदारानं बी हातानं काढली, त्याची नखं फुटली. तू भाईर आला तवा पायापासून डोक्यापर्यंत लाल. डोळ्यात, दाढीत, समदीकडं गेरू. दोन बाया किंचाळल्या. मंग गंगूआजीनं हात जोडले. म्हणली, "देवानं याला आपला रंग लावला गं."

मला तवा कळलं न्हाई तिनं काय केलं. मी पाणी आणून राहिलो व्हतो. तुला आंघोळ घालणाऱ्यायनं किती घागरी ओतल्या, पाणी लालच वाहत राहिलं, आन् दाढीतलं तर अखेरपर्यंत निघालं न्हाई. तसाच नेला तुला. मातीतून काढला आन् मातीतच ठेवला. समद्यायनं मुठीनं माती दिली, मी बी दिली. माह्या मनात आलं ते सांगतो, माफ कर: मला वाटलं, आत्ताच तर काढली व्हती.

गावात एकच बोलणं झालं. खाणीनं आपला माणूस घेतला. आता खाण शांत झाली. आता काय भेव न्हाई. जो तो एवढ्या निवांतपणानं बोलून राहिला, जसा काय तू दुसऱ्या तोंडाच्या बदल्यात गेला. ठेकेदार वाईट माणूस न्हाई, तुह्यासाठी रडला तो. पण रडून झाल्यावर डोळे पुसले आन् म्हणला, सोमवारी सुरू करू.

मी चावडीवर गेलो. पाटलापुढं पागोटं काढून ठेवलं आन् म्हणलो, "पाटील, आज खरं सांगतो. देव-बीव काही न्हाई. शेंदूर जवळा बाजारचा हाये. मी घुमलो ते सोंग व्हतं. इस्माईलभाई कोणाचा बळी न्हाई, त्याच्यावर धोंडे पडले. एका तोंडानं आत जाऊ नका."

चावडी हसली. लई दिवसांनी हसली, पोटभर. पाटील म्हणला, "दगड्या, दुःखात बी सुधरत न्हाईस." मी शपथ घेतली. अजून हसले. पण कोपऱ्यात एक तरणा गडी बसला व्हता, तो काही हसला न्हाई. तो म्हणला, "म्हंजे खांबात काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई," मी म्हणलो.

"मंग खांब काढायला हरकत न्हाई."

इस्माईलभाई, आता तूच पाहा. खरं बोललो तर खांब जातात. खोटं बोललो तर हे समदे सोमवारी एका तोंडानं आत जातात. तुह्याशी भांडताना मला वाटायचं खऱ्याची बाजू सोपी हाये, तू उगाच फिरवून राहिला. पागोटं उचललं, डोक्यावर ठेवलं आन् म्हणलो, "गंमत केली राव. देव हाये. लई कडक हाये." ते एवढे हसले की पाटलाला ठसका लागला. त्या गड्याला पाणी आणायला धाडलं.

सोमवारी खाणीपुढं समदे टिकाव घेऊन उभे. नारळ फुटला. मी मधी जाऊन घुमायला लागलो. ठरवून गेलतो, देव म्हणणार, दुसरं तोंड केल्याबिगर आत याल तर गिळीन. पण देवाचा आवाज कसा काढायचा? मागच्या येळेस तू खाकरला व्हता. मी तोंड उघडलं आन् तुहाच आवाज आला.

खोटं न्हाई सांगत, ती नक्कलच व्हती. तुही नक्कल मी पारावर कैक येळा केली, तू बी बसून पाहिली, तेच नाकातलं बोलणं, तोच मधी घशात अडकणारा खोकला. "अबे, एकच दरवाजे के घर में घुसते क्या? पहले ऊपर का मुँह खोलो. खालून नको. वरून, एक एक पत्थर, रस्सी बांधून." तुह्याच तोंडची वाक्यं, तशीच. दर येळेला या नकलेला गाव हसायचं. त्या दिवशी कोणी हसलं न्हाई. टिकाव खाली ठेवल्याचे आवाज आले, एकामागून एक. डोळे उघडले तर समदे हात जोडून. ठेकेदाराची टोपी हातात.

असा तू देव झाला. त्याच सांजेला बोरीखाली दगड उभा राहिला.

भाभी घराभाईर येत न्हाई सध्या, नवरा गेला की तुमच्यात तसंच असतं. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. पडद्यामागून म्हणल्या, "सुना मैंने, दगडूभाई. उनकू बुत बनाये तुम लोगां." बुत म्हंजे मूर्ती, मास्तर, लिहा तसंच. म्हणल्या, "मिट्टी में तो चैन से रहने दो उनकू." मी व्हय म्हणलो. मी निघणार तेवढ्यात त्यायनंच इचारलं, "ऊपर का काम चालू है बोलते. देखता कौन?"

कोण पाहतो ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

वरून धोंडे काढायचं काम सुरू झालतं, दोरी बांधून, तू म्हणला तसं. वरचे निघाले. मंग एक मोठा धोंडा लागला, तिरपा, अर्धा हवेत. त्याला काढावा, का आधी लाकडाचा टेकू द्यावा, आन् टेकू कुठं? ठेकेदारानं पाटलाकडं पाहिलं, पाटलानं गंगूआजीकडं, आन् आजी म्हणली, "इस्माईलदेवाला इचारा." मला पुढं ढकललं. तो चावडीवरचा तरणा गडी कमरेला दोरी बांधून भोकाच्या काठावर, बाभळीचं लाकूड हातात धरून उभा. "सांग देवा, कुठं लावू?"

मी घुमलो. तुहा आवाज काढला. खोकलो. तुहं समदं बोलणं मनातल्या मनात चाळलं, बैलाचं, बिडीचं, भाभीच्या कालवणाचं, माह्या बुडाचं. टेकूचं काहीच न्हवतं. तू सांगत असायचा तवा मी गाढवायशी बोलत असायचो. लोक वाट पाहून राहिले. काहीतरी बोललो असतो तर लाकूड तिथं लागलं असतं, एवढं बराबर कळत व्हतं. डावीकडं म्हणलो असतो तर डावीकडं. तो पोऱ्या हसतमुखानं वाकला असता.

मी म्हणलो, "मेरेकू नई मालूम."

कोणाला काही कळलं न्हाई. पाटील म्हणला, "देवा?" मी पुन्हा म्हणलो, तुह्याच आवाजात, "नई मालूम. ऊपर आओ सब. दूसरा मिस्त्री बुलाव."

गंगूआजी म्हणली, "लेकरायनो, देव म्हंतो त्याला ठाव न्हाई. तुमाला ठाव हाये काय?" पोऱ्यानं लाकूड ठेवलं आन् दोरी सोडली. ठेकेदार थोडा चिडला, मंग त्यानं बी दोरी गुंडाळली. आता कुरुंद्याकडं इहिरीवाल्या मिस्त्रीचा शोध चाललाय. कोणी येतो म्हणला हाये, अजून आला न्हाई. तवर काम बंद.

आता एक सांगू का, जे जित्तेपणी तुला सांगता आलं नसतं? तू उभ्या जन्मात कवा 'मला ठाव न्हाई' असं म्हणला न्हाईस. इहिरीला पाणी लागलं न्हाई तर म्हणायचा, आहे, अजून खाली हाये. त्या दिवशी बोरीखाली कान लावून उठला तवा तुहं तोंड मी पाहिलं व्हतं. तुला कळलं न्हवतं कोणता धोंडा कोणाला धरून हाये. एवढंच म्हणायचं व्हतं. समदे वाट पाहून राहिलते, ठेकेदार बी, आन् तू ते म्हणला न्हाईस, खाली गेला. हे मी तुह्याच आवाजात म्हणलो, त्याचा तुला राग येईल. येऊ दे. तुहं नाव त्याच्यानं कमी झालं असंल तर भाभीला मी तोंड दाखवत न्हाई, पण ते वाक्य काही परत घेत न्हाई.

तुह्या दगडाचा शेंदूर मी पुसून पाहिला, पाणी नेऊन, कोणी नसताना. तेलातला हाये, निघत न्हाई. ते तेवढं माफ कर.

काम बंद झाल्यापासून मी दिवसभर खाणीपाशी बसतो, कोणी लालूच धरून शिरू नये म्हून. लोकायला वाटतं भक्ती हाये. समदे आपापल्या घरी हायेत. आत कोणी न्हाई, इस्माईलभाई. मी आत्ताच वाकून पाहिलं. आत कोणी न्हाई.